पंधरा मीटर तार

हाप्सालूत नोव्हेंबरात चार वाजताच अंधार होतो
आणि खाडी कुंपणापर्यंत सरकल्यासारखी वाटते.
दहाच्या सुमारास, राइमोच्या नातवाने दिलेला पेनड्राइव्ह
मी जुन्या लॅपटॉपला लावला.
चोरून नाही.
पण उर्वे झोपायची वाट पाहिली, हे खरं.

तेवीस वर्षं बीएसडी.
बंदराच्या कचेरीत पाण्याची पातळी टिपणारं यंत्र
माझ्याच हातचं. एकदा अकराशे चार दिवस
सलग चाललं; शेवटी वीजवाल्यांनीच ते बंद पाडलं.
मी तेव्हा टोपी काढली होती.
कोणी पाहिलं नाही.

आणि लिनक्सबद्दल मी जे जे बोललो आहे
ते या गावात पुष्कळांना पाठ आहे:
जत्रेतला तंबू, प्रत्येक खुंटी वेगळ्याने ठोकलेली,
वगैरे.

हा तंबू मात्र लहान निघाला.
सत्तर मेगाबाइटात उभा राहिला,
काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकवत
गप्प.

बोटं जुन्याच घरात होती.
परक्या स्वयंपाकघरात चहाला उभं राहावं
आणि हात नेमका तिथे जावा
जिथे आपल्याकडे साखर असते.
फडताळ होतं. साखर नव्हती.

मॅन टाइप केलं.
उत्तर आलं: सापडलं नाही.
आमच्यात प्रत्येक आज्ञेचं एक पान असतं,
कोणीतरी रात्र जागून लिहिलेलं,
आणि शेवटी स्वतःच्या चुकांचं वेगळं प्रकरण.
इथे पानं मागवून घ्यावी लागतात, एकेक.
हलकं व्हायचं म्हटलं की आधी पुस्तकंच जातात, ठाऊक आहे.
बहिणीचं घर रिकामं करताना
मीही तेच केलं.

नावांचंही तसंच.
आमच्याकडे नेटवर्कचं कार्ड आपल्या घराण्याचं नाव लावतं,
ऐकताच कळतं कोणाचं, कुठल्या कारखान्यातलं.
इथे नुसतंच 'बिनतारी, शून्य'.
आडनाव विचारायची पद्धत नाही.

मग डूअ‍ॅज दिसलं.
मालकाच्या अधिकाराने काम करवून घेणारी
आमची चार अक्षरी आज्ञा, आमच्याच अंगणात वाढलेली,
या परमुलखात निवांत बाकावर बसलेली.
मी तिला चारदा हाक मारली. काम नसताना.
प्रत्येक वेळी तिने परवलीचा शब्द विचारला,
ओळख म्हणून दाखवली नाही.
तेही आमच्यासारखंच.

पावणेबाराला वायफाय लागलं.

लिहायला एक ओळ पुरली.
या चिपला माझ्याकडे ड्रायव्हर नाही;
बनवणाऱ्याने कागद दिले नाहीत,
आणि कागदांशिवाय आम्ही कोणाला घरात घेत नाही.
तत्त्व आहे.
तत्त्वाची लांबी पंधरा मीटर, रंग निळा:
राउटरपासून बैठकीच्या खोलीतून,
स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या टेबलापर्यंत.
नऊ हिवाळे उर्वे ते ओलांडत आली आहे.
हातात गरम सूप असताना पाय किती उचलायचा
हे तिच्या गुडघ्याला पाठ आहे.

मी तार गुंडाळली. कोपरावर घेत,
जाळी आवरणारे घेतात तशी.
मग कोट चढवला, लॅपटॉप काखेत,
अंगणातल्या लाकडाच्या खोपटापर्यंत गेलो.
सिग्नल मागोमाग आला, जरासा धापा टाकत.
तिथे उभं राहून काय पाहावं ते सुचेना.
शेवटी पाण्याची पातळी पाहिली.
चौदा सेंटिमीटर वर. वारा पश्चिमेचा.
दोन्ही गोष्टी
मला कुंपणापलीकडून ऐकू येत होत्या.

सकाळी उर्वे कॉफी घेऊन आली.
दारात, ठरलेल्या जागी, तिने पाय उचलला
आणि हवेत तसाच ठेवून खाली पाहिलं.
मग माझ्याकडे.
"काय मोडलंस?" म्हणाली.